काली, मेची आणि दोन लाख रुपये : सुगौलीच्या तहातून घडलेली भारत-नेपाळ सीमा

भारत आणि नेपाळ यांच्यामधली सुमारे १,७५१ किलोमीटर लांबीची सीमा ओलांडायला दोन्ही देशांच्या नागरिकांना पासपोर्ट लागत नाही, व्हिसाही लागत नाही. सकाळी पलीकडच्या बाजाराला जाऊन संध्याकाळी घरी परतणारी, पलीकडच्या गावात लेक दिलेली माणसे या सीमेवर सर्वत्र आढळतात. त्यामुळे ही रेघ केव्हातरी शेजाऱ्यांच्या समजुतीने आपोआप पडली असावी, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. ही सीमा ईस्ट इंडिया कंपनी आणि गोरखा राज्य, म्हणजे तेव्हाचे नेपाळ, यांच्यात १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या युद्धातून निघाली. त्या युद्धात कंपनीने जे जिंकले त्यातले काही ठेवले, काही परत केले आणि काही कर्जफेड म्हणून तिसऱ्यालाच देऊन टाकले. तहाच्या कलमांइतकाच या देवघेवीचा वाटा सीमा ठरवण्यात आहे आणि या प्रकरणात पाहायचे आहे ते हेच. या सीमेच्या ज्या भागात देवघेवीचा हिशेब पुरा होऊन खांब रोवले गेले, तो भाग दोनशे वर्षे बहुतांशी टिकला. जिथे तहाने नुसते नदीचे नाव घेऊन विषय संपवला, तिथे तंटा आजही आहे.

युद्धापूर्वीचा मुलूख

पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकल्यानंतर गोरखा राज्य हिमालयाच्या दोन्ही दिशांना झपाट्याने पसरत गेले. पूर्वेला सिक्कीमचा मुलूख दाबत त्याची सत्ता तिस्ता नदीपर्यंत गेली. पश्चिमेला १७९० मध्ये कुमाऊँ आणि १८०४ मध्ये गढवाल घेतल्यावर बडा काजी अमरसिंह थापा यांच्या फौजा सतलज ओलांडून काँगड्याच्या किल्ल्याला भिडल्या. काँगड्याच्या राजाने महाराजा रणजितसिंहांची मदत मागितली आणि १८०९ मध्ये गोरख्यांना सतलजच्या अलीकडे परतावे लागले. म्हणजे १८१० च्या सुमारास तिस्तेपासून सतलजपर्यंतचा डोंगराळ पट्टा एकाच सत्तेखाली होता आणि पायथ्याशी जवळजवळ सगळीकडे तिचा शेजारी एकच होता, तो म्हणजे कंपनी किंवा कंपनीच्या छायेतली संस्थाने.

डोंगर आणि मैदान यांच्यामधल्या तराईच्या पट्ट्यात मात्र सीमा ही आजच्या अर्थाने नव्हतीच. तिथे गावांवर, साऱ्यावर, जंगलातल्या चराईवर आणि हत्तींवर हक्क असत आणि ते एकमेकांत गुंतलेले असत. याचे उत्तम उदाहरण पाल्पाच्या राजाचे आहे. हा राजा डोंगरात स्वतंत्र होता, पण पायथ्याचे बुटवल तो अवधच्या नवाबाचा जमीनदार या नात्याने उपभोगत होता. नवाबाने १८०१ मध्ये गोरखपूरचा मुलूख कंपनीला तोडून दिला आणि पुढच्या काही वर्षांत काठमांडू दरबाराने पाल्पाचे राज्यच गिळंकृत केले. मग बुटवल कोणाचे? राजा आमचा झाला म्हणजे त्याची जमीनदारीही आमचीच, असे दरबाराचे म्हणणे होते. नवाबाचा हक्क आमच्याकडे आल्यावर त्याच्या जमीनदाराची जागाही आमच्याच मुलखात, असे कंपनीचे. दोघांचेही म्हणणे जुन्या रीतीला धरून होते. अडचण एवढीच होती की प्रत्येक गाव कोणत्या तरी एकाच सरकारच्या दप्तरी नोंदलेले असले पाहिजे, असा कंपनीच्या महसुली कारभाराचा आग्रह होता आणि जुन्या रीतीला असा आग्रह ठाऊकच नव्हता.

बुटवल आणि शेजारचे स्युराज यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी प्रतिनिधी नेमून बोलणी झाली, ती फिसकटली. एप्रिल १८१४ मध्ये कंपनीने ही दोन्ही ठिकाणे ताब्यात घेतली आणि २९ मे रोजी गोरख्यांनी बुटवल भागातल्या तिच्या पोलीस ठाण्यांवर हल्ला करून शिपाई मारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइरा, म्हणजे पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज म्हणून ओळखला गेलेला अधिकारी, याने १ नोव्हेंबर १८१४ रोजी युद्ध पुकारले. काही गावांच्या साऱ्यासाठी एवढे मोठे युद्ध झाले हे वरवरचे कारण झाले. कुमाऊँ-गढवालमधून तिबेटकडे जाणारे घाट आणि त्या वाटेने येणारी शालीची लोकर यांवर कंपनीची नजर आधीपासूनच होती. तहात नेमका कोणता मुलूख कायमचा घेतला गेला हे पाहिले की या कारणाचे वजन कळते.

दोन मोहिमा

युद्धाची हकीकत थोडक्यात पुरे. कंपनीने चार बाजूंनी चाल केली. मकवानपूर आणि बुटवलच्या दिशेने निघालेल्या दोन तुकड्यांनी काहीच साधले नाही. देहरादूनजवळच्या नालापानीच्या गढीपुढे सेनापती गिलेस्पी ३१ ऑक्टोबर १८१४ रोजीच, औपचारिक घोषणेच्याही एक दिवस आधी, मारला गेला. बलभद्र कुंवर यांनी बायकामुलांसह सुमारे सहाशे माणसांनिशी लढवलेली ही गढी महिनाभर टिकली आणि पाणी तोडल्यावर उरलेल्या सत्तरेक माणसांनिशी ते बाहेर पडले. देहरादूनला आजही गिलेस्पी आणि बलभद्र या दोघांच्या स्मरणार्थ उभारलेले दोन स्तंभ शेजारी शेजारी आहेत. युद्धाचा निकाल लावला तो पश्चिमेकडून हळूहळू, तोफा डोंगरावर चढवत आलेल्या डेव्हिड ऑक्टरलोनीने. एप्रिल १८१५ मध्ये कुमाऊँचे मुख्य ठाणे अल्मोडा पडले, मलाऊँच्या लढाईत वृद्ध भक्ती थापा मारले गेले आणि १५ मे रोजी अमरसिंह थापा यांनी काली नदीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख सोडण्याचे मान्य केले.

सीमेच्या दृष्टीने ही तारीख तहाच्या तारखेपेक्षाही महत्त्वाची आहे, कारण कालीची रेघ प्रथम रणांगणावरच्या शरणागतीत मान्य झाली. सैन्याने कोणत्या नदीपलीकडे जावे, हा तिचा मूळ अर्थ होता. सैन्याला उगम कुठे आहे हे विचारावे लागत नाही. उतार कुठे आहे एवढे कळले की त्याचे काम भागते.

२ डिसेंबर १८१५ रोजी चंपारणातल्या सुगौली येथे गजराज मिश्र आणि चंद्रशेखर उपाध्याय यांनी नेपाळतर्फे आणि लेफ्टनंट कर्नल ब्रॅडशॉ याने कंपनीतर्फे तहावर सह्या केल्या. दरबाराने मंजुरी देण्याचे टाळले, तेव्हा ऑक्टरलोनीने फेब्रुवारी १८१६ मध्ये आडवाटेने चुरियाची डोंगररांग ओलांडून मकवानपूर गाठले. ४ मार्च १८१६ रोजी मंजूर तह त्याच्या हाती पडला.

तहात काय होते

तहाच्या तिसऱ्या कलमाने काली ते राप्ती, राप्ती ते गंडक, गंडक ते कोसी आणि मेची ते तिस्ता अशी टप्प्याटप्प्याने तराई कंपनीकडे गेली. बुटवल हे गाव तेवढे नेपाळकडे राहिले, हा इतिहासाचा एक तिरकस विनोद. ज्या गावावरून तोंड लागले ते गाव जिंकणाऱ्याने मागितलेच नाही. पाचव्या कलमाने काली नदीच्या पश्चिमेच्या मुलखांवरचा सगळा हक्क नेपाळने सोडला. मेचीच्या पूर्वेचा डोंगराळ भागही गेला आणि सिक्कीमशी तंटा झाल्यास निवाडा कंपनीने करायचा, असे ठरले. त्या वेळच्या राज्याचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग या तहात गेला असे साधारणपणे मानले जाते.

चौथे कलम वाचताना सहसा दुर्लक्षिले जाते. तराईत ज्या भारदारांच्या, म्हणजे दरबारी सरदारांच्या, जहागिरी बुडाल्या त्यांना कंपनीने वर्षाला एकूण दोन लाख रुपयांचे पेन्शन द्यावे, असे ते कलम होते. तराई ही दरबाराची दुभती गाय होती. डोंगरातल्या शेतीवर एवढे सैन्य आणि एवढे सरदार पोसले जाणे शक्य नव्हते. तेव्हा तहाला दरबारातूनच विरोध होणार हे कंपनीने ओळखले होते आणि त्या विरोधाची किंमत आधीच ठरवून टाकली होती.

जमाखर्चाने आखलेली रेघ

तहाची शाई वाळते न वाळते तोच कंपनीने हिशेब पुन्हा मांडला. तराई म्हणजे दाट जंगल आणि जीवघेणा हिवताप. तिथे ठाणी ठेवायची तर खर्च मोठा आणि शिवाय दर वर्षी दोन लाख रुपये द्यायचे. उलट तराई परत केली तर पेन्शन वाचते, दरबार थोडा शांत होतो आणि मध्य हिंदुस्थानात पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्ध जी मोठी मोहीम हेस्टिंग्जच्या मनात होती तिच्यासाठी पाठीमागची आघाडी निर्धास्त राहते. ८ डिसेंबर १८१६ च्या करारनाम्याने कोसीपासून गंडकपर्यंतची आणि गंडकपासून राप्तीच्या दिशेची तराई, काही वादग्रस्त तुकडे वगळून, नेपाळला परत मिळाली. पेन्शन बंद झाले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजणी करून रेघ आखायची आणि तराईतल्या ज्या रहिवाशांनी युद्धात कंपनीला साथ दिली त्यांना दरबाराने त्रास द्यायचा नाही, असेही त्यात ठरले.

काली आणि राप्तीच्या मधल्या तराईचे नशीब वेगळे होते. अवधचा नवाब गाजीउद्दीन हैदर याच्याकडून कंपनीने या युद्धकाळात दोन वेळा प्रत्येकी एक कोटी रुपये कर्जाऊ घेतले होते. त्यातल्या दुसऱ्या कोटीच्या फेडीपोटी १८१६ मध्ये हा तराईचा पट्टा, खैरीगढसह, नवाबाला देण्यात आला. पुढे फेब्रुवारी १८५६ मध्ये अवधच खालसा झाल्यावर तो पट्टा एक रुपयाही न मोजता कंपनीकडे परत आला. लगेच १८५७ चा उठाव झाला. नेपाळचे सत्ताधारी पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः फौज घेऊन गोरखपूर आणि लखनौच्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने उतरले आणि त्याचे बक्षीस म्हणून १ नोव्हेंबर १८६० च्या तहाने हा मुलूख नेपाळला मिळाला. बाँके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे आजचे जिल्हे म्हणजे तोच भाग. नेपाळात त्याला ‘नया मुलुक’ म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांत एका पट्ट्याचे मालक चार वेळा बदलले आणि त्यातला एकही बदल त्या जमिनीवर झालेल्या लढाईने घडला नाही.

मराठी वाचकाला यात एक ओळखीचा धागा दिसेल. ज्या हेस्टिंग्जने नेपाळच्या भारदारांचे पेन्शन ठरवले आणि मोडले, त्याच्याच कारकिर्दीत १८१८ मध्ये बाजीराव दुसरे यांना आठ लाखांचे पेन्शन देऊन बिठूरला पाठवण्यात आले. ते पेन्शन पुढे दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारले गेले आणि १८५७ नंतर नानासाहेब व बेगम हजरत महल यांनी आसरा शोधला तो याच तराईत, म्हणजे जंगबहादूरांच्या राज्यात. पण तुलना इथे थांबवावी लागते, कारण दोन्ही युद्धांचा शेवट मुळात वेगळा झाला. पेशव्यांचा मुलूख मुंबई इलाख्यात मिसळला आणि त्याच्या सीमा कारभाराच्या हद्दी बनल्या. पुढे त्या पुसल्या गेल्या, जिल्ह्यांत वाटल्या गेल्या, राज्य पुनर्रचनेत पुन्हा हलवल्या गेल्या. नेपाळचा दरबार मात्र काठमांडूत शाबूत राहिला, म्हणून १८१६ ची हद्द ही दोन सत्तांमधली सीमा म्हणून जगली. १९२३ च्या तहात ब्रिटनने नेपाळचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत मान्य केल्यावर तिला आंतरराष्ट्रीय सीमेचे पूर्ण रूप आले. हरणाऱ्याचे राज्य पुरते संपले की सीमाही संपते. ते अर्धे उरले तर सीमा राष्ट्रीय होते. एकोणिसाव्या शतकातल्या खालसा धोरणाचा हा परिणाम भारताच्या नकाशावर इतरत्रही शोधता येतो.

मेचीच्या पूर्वेकडचा भाग कंपनीने १८१७ च्या तितालियाच्या तहाने सिक्कीमला दिला आणि १८३५ मध्ये त्याच सिक्कीमकडून दार्जिलिंगची टेकडी घेतली. पश्चिमेला टिहरीचे राज्य सुदर्शन शाह यांना परत मिळाले, सिमल्याभोवतीचे छोटे राजे आपापल्या गाद्यांवर बसवले गेले, पण कुमाऊँ, पूर्व गढवाल आणि देहरादून कंपनीने स्वतःकडेच ठेवले. तिबेटचे घाट तिथेच होते.

तराईतल्या रेघेवर दगडी खांब उभे राहिले. त्यातल्या जुन्या मोठ्या खांबांना तिथले लोक जंगबहादूरांच्या नावावरून ‘जंगे पिलर’ म्हणतात आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या सोडलेल्या पट्टीला ‘दसगजा’. पुढेही किरकोळ फेरफार झाले ते मोजमापानेच. १८७५ मध्ये दुंदुवा डोंगराजवळची हद्द पायथ्याला आणली गेली आणि १९२० मध्ये शारदा नदीवरच्या बनबसा बंधाऱ्यासाठी सुमारे ४,००० एकर जमिनीची अदलाबदल झाली. या भागात खांब गायब होणे आणि दसगजात शेती किंवा घरे सरकणे अशा तक्रारी नित्याच्या आहेत. मात्र रेघ कुठून जाते याबद्दल दोन सरकारांत फारसा मूलभूत मतभेद नाही.

नदीच्या भरवशावर सोडलेली रेघ

मतभेद आहेत ते मुख्यतः दोन ठिकाणी आणि दोन्हीकडे रेघ म्हणजे नदी आहे. सुस्ता हे गाव पूर्वी गंडकच्या पश्चिम तीरावर होते. नदीने पात्र पश्चिमेकडे सरकवले आणि गाव पूर्व तीरावर, भारताच्या बाजूला आले. जुन्या पात्राला सीमा मानायचे की चालू पात्राला, एवढाच तिथला प्रश्न आहे. तो सुटणे अवघड असले तरी समजायला सोपा आहे.

कालीच्या उगमाचा प्रश्न तसा नाही. तहाने ‘कालीच्या पश्चिमेचा मुलूख’ म्हटले, पण वर डोंगरात गुंजी गावाजवळ दोन प्रवाह एकत्र येतात, त्यातली काली कोणती हे सांगितले नाही. वायव्येकडून, लिंपियाधुराच्या बाजूने येणारा कुटी यांक्ती हा प्रवाह मोठा आहे. पूर्वेकडून लिपुलेख घाटाच्या दिशेने येणारा प्रवाह लहान, पण त्याच्या काठच्या कालापानी येथे पवित्र मानलेले झरे आहेत आणि कैलास-मानसरोवराची वाट तिथूनच जाते. गुंजी, नाबी आणि कुटी ही गावे या दोन प्रवाहांच्या मधल्या बाजूची आहेत. त्यामुळे कोणता प्रवाह काली, यावरच ती कोणत्या देशात हे अवलंबून राहते.

हा प्रश्न नकाशावाल्यांनी पुढे कधीतरी उकरून काढलेला नाही. तहानंतर वर्षभरातच, १८१७ मध्ये, तो उभा राहिला. ब्यांस परगणा कालीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला होता. नदीच्या पूर्वेची तिंकर आणि छांग्रू ही गावे तहाप्रमाणे आमची, असा दावा नेपाळने केला आणि कंपनीने तो मान्य केला. मग नेपाळने कुटी आणि नाबी मागितली. त्यासाठी कुटी यांक्तीला काली मानणे भाग होते. कंपनीने नकार दिला आणि कालापानीच्या झऱ्यातून येणारा प्रवाह हाच काली, अशी भूमिका घेतली. जिंकणाऱ्यानेच तहाचा अर्थ लावला आणि अर्थ लावताना तिबेटच्या वाटेवरची गावे आपल्याकडे ठेवली, असे म्हणणे चुकीचे होणार नाही. पण परगण्याचा सारा अल्मोड्याच्या दप्तरात जमा होत राहिला, हेही तितकेच खरे आहे.

पुढचा वाद याच दोन टोकांमध्ये फिरतो. नेपाळ १८२७ आणि १८५६ च्या ब्रिटिश नकाशांकडे बोट दाखवतो, ज्यांत कालीचे नाव लिंपियाधुराकडून येणाऱ्या प्रवाहाला आहे. भारत १८७९ नंतरचे नकाशे, कुमाऊँचा महसुली कारभार आणि स्वतःचा दीर्घकाळचा ताबा पुढे करतो. १९५४ च्या भारत-चीन व्यापार करारात लिपुलेखचा उल्लेख यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांच्या वाटांमध्ये आला. १९६१ च्या चीन-नेपाळ सीमा करारात रेघेची सुरुवात काली आणि तिंकर या नद्यांच्या पाणलोटापासून धरली गेली आणि पहिला खांब तिंकरच्या घाटावर लागला. हा मुद्दा भारताच्या बाजूचा समजला जातो. नेपाळच्या मते तिथे तीन देशांचा सांधा ठरवलेलाच नव्हता, तो प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला गेला.

१९८१ मध्ये नेमलेल्या संयुक्त तांत्रिक समितीने २००७ पर्यंत सीमेच्या सुमारे ९८ टक्के भागाचे १८२ पट्टी-नकाशे तयार केले. त्यातून वगळले गेले ते कालापानी आणि सुस्ता. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने कालापानी आपल्या हद्दीत दाखवणारा नवा राजकीय नकाशा प्रसिद्ध केला तेव्हा काठमांडूत निषेध झाला. ८ मे २०२० रोजी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केल्यावर २० मे रोजी नेपाळने लिंपियाधुरा, कालापानी आणि लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून तो आपल्या राजचिन्हात घातला. त्या नकाशाने नेपाळचे क्षेत्रफळ १,४७,१८१ चौरस किलोमीटरवरून १,४७,५१६ झाले, म्हणजे वाद ३३५ चौरस किलोमीटरचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, तेव्हाही नेपाळने हरकत घेतली आणि भारताने ती फेटाळली.

पुराव्यांची छाननी करायची ठरली तर दोन्ही देशांना जावे लागेल ते एकाच ठिकाणी, ब्रिटिश दप्तरात. नकाशे तिथले, १८१७ चा पत्रव्यवहार तिथला आणि सारावसुलीच्या नोंदीही तिथल्याच. त्यात पाण्याचा विसर्ग, प्रवाहाची लांबी, नावाची परंपरा आणि कारभाराचा ताबा या चारांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे तह सांगत नाही. प्रवाहाच्या मोठेपणाला वजन दिले तर नेपाळची बाजू भक्कम होते, ताब्याला दिले तर भारताची. माझ्या मते १८१७ चा पत्रव्यवहार या सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण तह करणाऱ्या दोन्ही बाजू तेव्हा हयात होत्या आणि नदीच्या नावाचा अर्थ त्यांनी एकमेकांना लेखी कळवला होता. तो अर्थ एका बाजूने लादला आणि दुसरीने नाइलाजाने सोसला की खरोखर मान्य केला, हे त्या पत्रांवरूनच ठरवावे लागेल.